दहावा भाग

बाबा लिहितात हे मला ते रिटायर झाल्यावर कळलं. देवासच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून घरी बसलेला माणूस भाजी आणेल, पेपर वाचेल, नळाला पाणी आलं की आईला हाक मारेल, असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांनी एक लांब वही आणली आणि रोज सकाळच्या चहानंतर ते जेवणाच्या टेबलावर लिहायला बसू लागले.

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. माझी सगळी शाळा हिंदीत झाली. घरात मराठी बोलायचो, पण वाचायला घेतलं की मी अडखळायचे. वही टाइप करायला मागितली ती मराठी सुधारावं म्हणून. बाबा म्हणाले, "कर टाइप. पण गोष्ट पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायची नाही बेटा. आधी पूर्ण होऊ दे."

गोष्ट धारच्या एका भावाबहिणीची होती. बहीण चार वर्षांनी धाकटी. भावाच्या चपला घालून गावभर फिरणारी, रस्त्याने कायम चार पावलं पुढे चालणारी, मोठ्यांना फाडकन उत्तर देणारी. मराठी अक्षरं शोधत मी एका बोटाने टाइप करत जायचे आणि मध्येच विचारायचे, "बाबा, इथे 'ल' का 'ळ'?" ते स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचे. सहा भाग झाले तोवर ती मुलगी मला ओळखीची वाटू लागली होती. कुणाला तरी ती दाखवावी असं फार वाटायचं.

त्या काळात मराठी लोकांची एक वेबसाइट होती. कुठकुठले लोक तिथे कथा लिहायचे, एकेक भाग टाकायचे आणि खाली 'क्रमशः' लिहायचे. मी बाबांना न विचारता पहिला भाग टाकला. पुढच्या रविवारी दुसरा. तिसऱ्याला तीसेक प्रतिसाद आले, तेव्हा मी भीतभीत त्यांना स्क्रीनसमोर आणलं.

त्यांनी तिसरा भाग वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं ना?"

"लोकांना किती आवडलंय बघा तरी."

त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. एकेक प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला.

त्यानंतर आमच्या घरात रविवारची वाट पाहिली जाऊ लागली. बाबा नाश्त्याच्या वेळी आईला प्रतिसाद वाचून दाखवायचे. "ही बाई दुबईची आहे. म्हणते, आमच्याकडेही अशीच एक आत्या होती." आई पोहे वाढताना हसायची, पण फार बोलायची नाही. लिहिलेले सहा भाग संपले आणि ते दर आठवड्याला नवा भाग लिहू लागले. मुलीचं लग्न झालं, ती घाटाखालच्या मनावर गावी सासरी गेली. नवव्या भागात तिला दिवस गेले. शेवटी तिचं भावाला पत्र येतं: इथे मला करमत नाही, तब्येतही बरी नाही, मला घेऊन जा, बाळंतपण धारला होऊ दे. तिथे बाबांनी 'क्रमशः' लिहिलं.

तो आठवडा मला नीट आठवतो. 'दादा, निघा लगेच.' 'काका, उशीर करू नका हो.' 'तिला काही झालं तर मी पुढे वाचणार नाही.' बाबा क्लासमध्ये मला फोन करून विचारायचे, "आणखी काही आलं का?"

दहावा भाग त्यांनी एका बैठकीत लिहिला. पत्र वाचून भाऊ दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने मनावरला जातो. सासूशी भांडत नाही, हात जोडतो आणि बहिणीला घेऊन येतो. घाट चढताना ती खिडकीशी बसते आणि गार वारा लागल्यावर झोपून जाते. लोक वेडे झाले. एवढे प्रतिसाद आम्ही कधी पाहिले नव्हते.

अकरावा भाग आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. बाबा वही उघडून बसायचे आणि मिटायचे. मी कटकट करू लागले. "लोक विचारतायत बाबा, काय सांगू?"

एका दुपारी आईने मला बाजूला घेतलं. "त्यांना त्रास देऊ नकोस. गोष्टीतली ती मुलगी म्हणजे वन्सं, तुझी आत्या. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेल्या. मनावरलाच, बाळंतपणात."

धारची आत्या तरुणपणी तापाने गेली, एवढंच मला माहीत होतं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. विचारावं लागलं नाही.

"पत्र आलं तेव्हा मी इथल्या इंटरव्ह्यूच्या तयारीत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, नोकरीचं ठरू दे, पुढच्या आठवड्यात जाऊ. नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात तार आली."

आमचं देवास, हे घर, माझी शाळा, सगळं त्या नोकरीवर उभं होतं.

"मी ते लिहायला बसलो होतो गं. तो गेला नाही, हेच लिहायचं होतं. सगळं आधी लिहून झालं असतं तर तेच राहिलं असतं, मग लोकांनी कितीही शिव्या दिल्या असत्या तरी. पण एवढी माणसं जा जा म्हणत होती. मला त्यांना 'नाही' म्हणवलं नाही. आता पुढे काय लिहू? ती परत आली. आणि ती तर आली नव्हती."

"दहावा काढून टाकू या का?"

"नको. ज्यांनी वाचलंय त्यांच्यासाठी ती घरी आलीय. राहू दे."

उन्हाळ्यात ते म्हणाले, मनावरला जाऊन येऊ. इंदूरला बस बदलून, धारवरून घाट उतरून आम्ही गेलो. खाली हवा तापलेली. बसस्टँडवर त्यांनी एका चहावाल्याला विचारलं, "भिया, इथे पूर्वी मराठी लोकांची घरं होती, ती कुठे?" त्याने दोन-तीन रस्ते सांगितले. बाबांना एकही ओळखू आला नाही. चहा घेऊन आम्ही आलो त्याच बसने परत निघालो. ते खिडकीशी बसले नाहीत.

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. मला दोषही दिला नाही, आणि तेच मला जड जातं. आता मी स्वतः थोडंफार मराठीत लिहिते. शेवटची ओळ लिहून होईपर्यंत माझं पान घरात कुणी वाचत नाही. माझ्या मैत्रिणी याला जुनाट म्हणतात. म्हणोत.

तीन वर्षांनी बाबा गेले. तेराव्यानंतर मी त्या वेबसाइटवर दहाव्या भागाखाली लिहिलं की लेखक आता नाहीत, गोष्ट इथेच थांबते. बऱ्याच जणांनी हळहळ लिहिली. एका अनोळखी बाईने लिहिलं, 'मी तेव्हा आठव्या महिन्यात होते, परदेशात, एकटी. काकांनी तिला घरी आणलं त्या दिवशी मी खूप रडले आणि मग कितीतरी दिवसांनी नीट झोपले. मला मुलगी झाली.'

खरं काय ते मी तिला कळवलं नाही. मुलगी कशी आहे, एवढंच विचारलं.