अर्धेरावांचा घायपात

आमच्या वनस्पती उद्यानात प्रत्येक माणसाला दोन नावं असायची. एक हजेरीपटावरचं, दुसरं खरं. चित्रशाळेतल्या चित्रकाराचं खरं नाव अर्धेराव. ते त्याला तोंडावरही म्हटलं जाई आणि तो ओ देई.

नाव पडलं ते एका कागदावरून. उद्यानातल्या प्रत्येक झाडाचं चित्र काढून ठेवायची तिथं पद्धत होती. पान, फूल, फळ, बी, सगळं एका कागदावर आणि एकाच जिवंत झाडावरून. दुसऱ्या झाडाचं फूल उसनं आणायचं नाही, पुस्तकात पाहून काढायचं नाही. फूल येईपर्यंत कागदाची वरची बाजू कोरी. अर्धेराव नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या वाट्याला मागच्या भिंतीजवळचा घायपात आला. जाड, निळसर, तलवारीसारखी पानं, कडेला काटे. कुणी त्याचे दोर वळतं, कुणी कुंपणाला लावतं. लोक म्हणतात, हे झाड शंभर वर्षांनी फुलतं. इतकं काही नाही. पण माणसाची उमेद संपवायला पुरेसा वेळ घेतं, एकदाच फुलतं, आणि फुललं की मरतं.

नव्या माणसाला ते झाड देण्यात जुन्या चित्रकारांचा खवचटपणा होता, दुसरं काय! पण पठ्ठ्यानं मनावर घेतलं. पान कोवळं असताना आतल्या पानाचे काटे बाहेरच्या पानावर दाबले जातात आणि त्यांची नक्षी जन्मभर तशीच राहते. ती नक्षीसुद्धा त्यानं एका केसाच्या कुंचल्यानं उतरवली. आता त्या पानांवर आणखीही एक नक्षी असते. घायपाताच्या पानावर कोरलेलं नाव वर्षानुवर्षं पुसत नाही, हे प्रेमात पडलेल्या प्रत्येकाला कसं कोण जाणे ठाऊक असतं. आमच्याकडची निम्मी लग्नं त्या पानांवर जमली आणि मोडली. चित्रकारानं एका पानावरचं नाव जसंच्या तसं चित्रात घेतलं. ते निघालं अधीक्षकसाहेबांच्या मुलीचं, आणि शेजारचं नाव जावयाचं नव्हतं.

"हे खोडा," साहेब म्हणाले.

"पानावर आहे, साहेब."

"मी सांगतोय ना, खोडा!"

"आधी पानावरून खोडा. मग मी कागदावरून खोडतो."

त्याची बढती तिथंच अडकली. पण चित्राचा खालचा भाग असा उतरला होता की पाहणारा बोट लावायला कचरायचा. वर सगळं कोरं. लोक विचारत, "काय अर्धेराव, फुललं का?" आणि ते हसून म्हणत, "तेवढं एक फूल काढून होऊ दे. मग मेलो तरी चालेल."

हे वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलं. ऐकणारे हसत. एक जण हसत नसे, ती त्यांची बायको.

वहिनी साध्या, घाबरट. मूलबाळ झालं नाही. चित्रकार निवृत्त झाले, तरी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी त्यांना कर्मचारी वसाहतीतलं, उद्यानाच्या मागच्या भिंतीलगतचं घर सोडायला लावलं नाही. माझं घर भिंतीला भिंत लागून. भिंत इतकी पातळ की पलीकडं कढईत मोहरी तडतडली की इकडं मला शिंक यायची. तेव्हा मला जे ठाऊक आहे त्याचा दोष मला देऊ नका, भिंत बांधणाऱ्याला द्या.

निवृत्तीनंतर अर्धेरावांना हृदयाचा झटका आला. त्यातून उठले, पण जिना चढताना मध्ये थांबू लागले. हातही किंचित कापू लागला. वहिनींच्या डोळ्यांपुढं तर धुकंच आलं होतं; पाच हातांवरचा माणूस त्या आवाजावरून ओळखायच्या. आणि अशात त्या वर्षी घायपाताच्या मधून फुलाचा कोंब निघाला. मांडीएवढा जाड, दिवसाला वीतभर वाढणारा.

अर्धेराव पोरासारखे पळत आले. छातीवर हात, पण चेहरा असा की जणू वरात निघालीय. "आलं! अहो, आलं!" सुताराकडं शिडी आणि माचाण सांगायचं, कारण फुलं येणार तीन पुरुष उंचीवर. नवे कुंचले आणायचे. हात टेकवायला लाकडी फळी करून घ्यायची. तो माणूस महिनाभरात दहा वर्षांनी लहान झाला.

आणि त्याच दिवसांत वहिनींची थोरली बहीण मुक्कामाला आली. तिला आम्ही भोंगा म्हणायचो.

"अगं, ते झाड फुलतं आणि मरतं, खरं ना?" भोंगा म्हणाली. भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं. तिला ऐकायला भिंत पातळ असायची गरज नव्हतीच.

"हो."

"आणि तुझे हे काय म्हणतात? फूल झालं की मेलो तरी चालेल. जन्मभर म्हणतात! बाई बाई, असं बोललेलं वाया जात नाही. आमच्याकडं एकाच्या दारात फुललं, वर्ष नाही काढलं त्यानं."

"ताई, गप्प बस ना गं."

"मी बसते गप्प. तो कोंब बसणार आहे का?"

तेव्हाच मला उठून पलीकडं जायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही, फक्त ऐकतो.

अर्धेराव सुताराकडं माचाणाची मापं द्यायला गेले, त्या दुपारी वहिनी मागच्या फाटकातून उद्यानात शिरल्या. माळ्यांच्या खोपटातून छाटणीची करवत घेतली. पुढचं डोळ्यांनी कुणी पाहिलं नाही. दिसलं ते संध्याकाळी: कोंब आडवा, कळ्या अजून घट्ट मिटलेल्या, आणि बुंध्यातून रस असा पाझरतोय जणू नळाचं तोंड सैल राहिलंय.

माळ्यांनी पोरांना शिव्या घातल्या. साहेबांनी चौकशी लावली. अर्धेराव त्या कोंबाशेजारी बसून राहिले. एक कळी नखानं उघडून पाहिली. आत हिरवं, कच्चं, रंग न भरलेलं. ती त्यांनी परत मिटायचा प्रयत्न केला.

घरी आले तर वहिनी बाह्या खाली ओढून बसलेल्या.

"हात बघू."

"डास चावले."

"बघू तरी."

घायपाताचा रस अंगाला लागला की कातडी पेटते, फोड येतात. ज्यानं ते झाड जन्मभर हाताळलं त्याला हे कळायला चौकशी समिती लागत नाही. काट्यांचे ओरखडे तर कोपरापर्यंत होते. मग पलीकडं कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मलम लावतो. आग होईल थोडी."

"अहो..."

"हलू नकोस. या दिवसांत डास फार झालेत."

साहेब भले माणूस. त्यांनी दुसऱ्या उद्यानातल्या फुलाचे फोटो मागवले, म्हणाले, "यावरून काढा, कोण विचारतंय?" अर्धेरावांनी फोटो पाहिले, छान आहेत म्हणाले आणि परत दिले. कागद चित्रशाळेच्या खणात गेला. वरची बाजू तशीच.

एकदा ओट्यावर बसलो असताना मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, "वहिनींना एकदा सुनवा तरी. मोकळे व्हाल."

"काय सुनवू?" ते म्हणाले. "तिला वाटतं, तिनं मला वाचवलं. सकाळी चहा देताना माझ्याकडं बघते, बरणीतलं लोणचं टिकलंय का बघावं तशी. आणि खूश होते. आता जगून दाखवणं आलं."

"मग वाईट काय?"

"रोज करायचं काय ते सांगा ना."



कोंब कापला म्हणून झाड वाचत नाही. आतली सगळी साठवण त्यानं आधीच वर पाठवलेली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पानं खाली कलली, टोकं वाळली, मग मधोमध सडलं. वहिनी रोज खिडकीशी येऊन विचारायच्या, "झाड बरं आहे ना हो?" झाड मेलं तर आपण कापून काय साधलं, ही भीती त्यांच्या आवाजात असायची. आणि ज्यानं पानावरचं परक्या पोरीचं नावसुद्धा गाळलं नव्हतं तो माणूस ओट्यावरून म्हणायचा, "हिरवंगार आहे. नवीन पान फुटतंय."

पाऊस संपल्यावर माळी कुदळ घेऊन आला. ती घाण उपटून तिथं दुसरं काही लावायचा हुकूम होता. अर्धेराव मध्येमध्ये थांबत उद्यानाच्या भिंतीपर्यंत चालत गेले.

"राहू दे हे."

"काका, काय राहू दे? मेलंय ते!"

"माहीत आहे," अर्धेराव म्हणाले. "हळू बोल. ती खिडकीत आहे."