द्वारकेचे सुतक

द्वारका मुंबईत वारल्याची तार नांदुऱ्याला माझ्याकडे आली. मी स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून, आणि तिच्याशी संबंध ठेवणारा घराण्यातला एकटाच. मिळेल त्या मोटारीने आमचे गाव, देऊळघाट, गाठले. मोठेबाबा, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सांगितले. अडकित्ता थांबला नाही.

"तिची आंघोळ आम्ही कवाच केली," ते म्हणाले. "एक माणूस दोनदा मरते काय बे? सुतक-बितक काही नाही. हातपाय धू अन् जेवाले बस."

आत मोठी माय, द्वारकेची आई, भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद पडला... मग पुन्हा सुरू झाला. आणि मी जेवलो.

द्वारका माझी चुलत बहीण. नवरा पटकीत गेला तेव्हा ती परकर खोचून झाडावर चढायच्या वयाची होती. आमच्या देशमुखी घराण्यात विधवेचा पाट लावत नाहीत, म्हणजे तिचे दुसरे लग्न करत नाहीत, आणि हे आम्ही मिशीला पीळ देऊन सांगतो. तिच्या बांगड्या फोडल्या. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन फेर धरत, तेव्हा सावली नको म्हणून हिला गोठ्यात कोंडत. मी फटीतून पाहिले आहे... बाहेरच्या गाण्यावर ती म्हशींच्या मधल्या जागेत एकटीच फेर धरायची. एकदा ते मोठेबाबांच्या नजरेस पडले. त्यांनी कासऱ्याने तिच्या पोटऱ्या फोडून काढल्या. त्यानंतर कितीतरी दिवस ती लंगडत होती.

शेवटी माझ्या वडिलांनी भावाशी भांडून तिला मुंबईला नर्सचे शिकायला नेले. तिथे शाळेसमोर एक रशियन बाई गोऱ्या मुलींना बॅले शिकवायची, म्हणजे पायाच्या बोटांवर उभे राहून करायचा नाच. द्वारका सरळ आत गेली आणि म्हणाली, मला शिकवा, मी रोज जमीन पुसून देईन. बाईंनी सांगितले, वय गेले, हाडे धरली. ही पुसत राहिली. शेवटी बाईच थकल्या आणि शिकवू लागल्या. नखे गळून पडली, बोटे वेडीवाकडी झाली, पण काही वर्षांनी ती बाईंच्या नाचाच्या मंडळीत उभी राहिली. मी तिला एकदाच नाचताना पाहिले. लाज वाटेल असे वाटले होते, रडू आले. खेळ संपल्यावर पायाच्या चिंध्या सोडत बसली होती, तेव्हा विचारले, दुखत नाही का?

"दुखते ना, दादा. पण हे दुखनं माह्यं हाये."

मग तिने हळूच विचारले, "मायले एकदा दाखवाले भेटन काय?"

भेटणार कसले! एका कापूस दलालाने तिला साहेबलोकांसमोर उघड्या पायांनी नाचताना पाहिले आणि ती बातमी वाऱ्यासारखी देऊळघाटला पोचवली. मोठेबाबांनी, मेलेल्या माणसाची करतात तशी, सगळ्या घराला विहिरीवर आंघोळ घातली. मोठी मायही अंगावर पाणी घेऊन ओल्या लुगड्याने घरात आली. त्या दिवसापासून पोरीचे नाव घ्यायची बंदी झाली. पुढे द्वारकेला छातीचे दुखणे लागले. अंथरुणावरही ती मायचे तेच विचारायची. मी दरवेळी म्हणायचो, पाहू.

तार आल्यावर आठवड्याभराने, माझी बायको आजारी आहे असे घरी खोटेच सांगून, मोठी माय नांदुऱ्याला आली. आतल्या खोलीत शिरली, दार लावले आणि मोकळ्या गळ्याने रडली. तीन दिवस जमिनीवर झोपली, अळणी जेवली. पोटच्या पोरीचे सुतक पाळायला त्या बाईला पुतण्याचे घर गाठावे लागले... याचा राग माझ्या मनातून जाईल असे वाटत नाही.

जायच्या दिवशी तिने मला खोलीत बोलावले.

"तू पाह्यलं ना तिले? कशी नाचे थे? मले करून दाखव."

मी पोट सुटलेला, गुडघे आखडलेला कारकून. पण नाही कसे म्हणणार? भिंतीला हात टेकला, टाचा उचलल्या आणि चवड्यांवर उभा राहिलो. पोटऱ्या थरथरू लागल्या. मोठी माय खाली बसून माझ्या पायांकडे पाहत होती. तोल जायला लागला म्हणून मी टाचा टेकवणार, तोच तिने हात वर केला.

"थांब रे बाप्पा... उतरू नको इतक्यात."