रोजची वीस मिनिटं

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा. फ्रेममध्ये काच बसवावी ती त्यानेच, असं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणत. पण त्याला पुढे काउंटरवर बसवायची मालकाची छाती कधी झाली नाही. माणूस तोतरा. नुसतं "बसा" म्हणायचं तरी "ब"वर गाडी अशी अडायची, की गिऱ्हाईक बिचारं आपणहून बसून घ्यायचं. दुकानात त्याला मौनीबाबा म्हणत.

घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांशी तीच बोलायची आणि हा शेजारी बसून मान डोलवायचा. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग ती दवाखान्यात पडली आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा." एकुलती एक मुलगी परगावी दिलेली. त्याने दवाखान्याच्याच फोनवरून तिला फोन लावला. पलीकडून "हॅलो, हॅलो" आलं आणि याच्या तोंडून ब्र निघेना. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. संध्याकाळी नर्सने कळवलं. मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा आई गेलेली होती.

"बाबा, सकाळीच का नाही कळवलंत?" एवढंच तिने विचारलं. त्याने मान खाली घातली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

चिठ्ठी लिहायची होती की, असं कुणीही म्हणेल. लिहिली त्याने, तीनदा. तिन्ही वेळा फाडली. जे तोंडाने राहून गेलं ते तोंडानेच सांगायचं, असं त्या हट्टी माणसाने ठरवलं.

बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे तो गेला. बाई खमक्या होत्या. "एक दिवस दोन तास आणि मग आठवडाभर दांडी, हे माझ्याकडे चालायचं नाही. रोज वीस मिनिटं, ठरल्या वेळेला. मूड असो नसो."

वेळ ठरली एक दहा ते दीड. तेव्हा काउंटरवाला जेवायला घरी जाई आणि दुकान रिकामं असे. पहिला महिना नुसता श्वास. मग अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं. दुकानभर आरसे, त्यामुळे समोर पाच-सहा श्रोते असत, सगळे तोच. रोज वहीत तारखेपुढे बरोबरची खूण करायची. ताप आला तेव्हाही त्याने घरी पडल्या पडल्या छताला धडा वाचून दाखवला. सातव्या महिन्यात एक अख्खं पान न अडखळता झालं. त्या आनंदात तो डबा तसाच घेऊन घरी गेला, कुलूप काढलं, आणि सांगायला आत कुणीच नाही हे त्याला दारात आठवलं.

रविवारी मुलीचा फोन यायचा. "जेवलात?" "हो." "गोळ्या घेतल्या?" "हो." हो म्हणायला कधीच अडचण नव्हती. तीन मिनिटांत फोन संपायचा आणि मग दोन खोल्यांत पुढच्या रविवारपर्यंत घड्याळ तेवढं बोलायचं.

चौदाव्या महिन्यात बाई म्हणाल्या, "आता लावा फोन." त्याने दुकानाच्या फोनवरूनच लावला, एक वाजून वीस मिनिटांनी. श्वास सोडला आणि बोलला.

"मी बाबा बोलतोय. तुझी आई गेली त्या सकाळी तुला दोनदा फोन आला आणि कुणी बोललं नाही. तो फोन मीच केला होता."

एकही अक्षर अडकलं नाही. लोणी कापावं तसं वाक्य गेलं.

"कोण बोलतंय?" मुलगी म्हणाली.

"मी. तुझे बाबा."

"हे बघा, माझे बाबा असं बोलत नाहीत. मेलेल्या माणसावरून थट्टा करताना लाज वाटत नाही?" आणि फोन बंद.

तो आरशांसमोर उभा राहिला. चौदा महिने घासूनपुसून जो आवाज तयार केला, तो पोरीच्या ओळखीचाच नव्हता. आता आपल्याला ओळखणारं कुणी उरलं नाही, असं त्याला वाटलं. सवयीने त्याने वही काढली आणि आजच्या तारखेपुढे बरोबरची खूण केली.

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक असेल म्हणून त्याने उचलला.

"हा नंबर कुणाचा आहे?" मुलीचाच आवाज, पण कापरा. "ते दोन फोन आलेले मी कुणाला सांगितलेसुद्धा नव्हते. तुम्हाला कसं कळलं?"

त्याने तोंड उघडलं. श्वास, ओठ, बाईंनी शिकवलेलं सगळं त्या क्षणी पळून गेलं.

"म... म... म..."

या वेळी पलीकडून "हॅलो, हॅलो" आलं नाही.

"बाबा?"

"म... म..."

"बाबा, सावकाश बोला," ती रडत म्हणाली. "मी फोन ठेवत नाही."