पुस्तकाच्या पाठीतली झील

मी हट्टी आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. दोन्ही घरांचं एकमत झालेली बहुधा ही एकच गोष्ट. पण माझ्या हट्टाला पुरून उरले ते माझे वडील, आप्पा. तात्या गेले आणि आप्पांनी गाणं बंद केलं ते केलंच.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. रहिमतपूरला आमच्या वस्तीत गाणाऱ्यांचा जलसा होता, तो त्यांचा. जयंती असो, विहारातला पावसाळ्याचा वर्षावास असो, तात्या पुढे उभे राहून गायचे आणि आप्पा त्यांच्या मागे एक पाऊल सोडून झील धरायचे. पुढच्याची ओळ संपली की तिचा शेवटचा सूर उचलायचा आणि तो श्वास घेऊन पुढची ओळ काढेपर्यंत लांबवून धरायचा, ही झील. आप्पांनी जन्मभर तेवढंच केलं, एका हाताने कान झाकून, डोळे मिटून. टाळ्या तात्यांना पडायच्या. आप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

तात्यांनंतरच्या पहिल्या जयंतीला मंडळाची माणसं घरी आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "म्होरं कुणी न्हाई, मागं कुणाच्या धरू?"

"आवं आप्पा, तुमीच गावा की," मी म्हटलं.

"झीलकऱ्यानं पयलं तोंड उघडायचं नसतंय," एवढंच बोलून ते उठून गेले.

मग त्यांचं बोलणंही आटत गेलं. दुपारभर दाराशी बसायचे, चहा दिला तर घ्यायचे. आई म्हणायची, "घरात माणूस हाय का न्हाई, इचारायला लागतंय." मला धास्ती बसली. तात्यांच्या मागे उभं राहायची सवय झालेला हा माणूस आता त्यांच्या मागोमाग निघाला आहे, असं मला स्पष्ट दिसत होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

मी पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या दमट हवेत पुस्तकं फुगतात, खळ सुटते, पुठ्ठे हातात येतात. डागडुजी माझ्याकडेच. कपाटाच्या तळाला एक जाडजूड लॅटिन पुस्तक होतं, कुण्या पाद्र्याच्या पेटीतून कधीकाळी आलेलं. एके दिवशी त्याची पाठ निखळली आणि आत चिकटवलेली कातड्याची लांब पट्टी दिसली. तिच्यावर तांबड्या रेघा, रेघांवर काळे चौकोनी ठिपके आणि सुरुवातीला एकच लॅटिन शब्द. शाळेतले पियानोचे सर म्हणाले, हे गाणं आहे, पण आपल्या वाचण्यातलं नाही. कुणीतरी ती पट्टी सोडवून, चौकट करून कार्यालयात लावूया म्हणालं. मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

फोटो पाठवले ते परदेशातल्या एका विद्यापीठातल्या बाईंना. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत सापडणारे असलेच तुकडे अभ्यासण्यात त्यांचा जन्म चाललेला. त्यांचं उत्तर आलं. हा मोटेट नावाच्या गाण्याचा तुकडा. त्यात तीन गळे एकाच वेळी गातात, वरचे दोघे वेगवेगळे शब्द घेऊन भराभर, आणि खालचा एकच शब्द धरून संथ. पानावर वरच्यांचं गाणं वर लिहायचे आणि खालच्याचं अगदी तळाशी. पुढे ती गाणी मागे पडली. कातडं चिवट, ते वाया कशाला घालवायचं, म्हणून बांधणीवाल्यांनी पानं कापून नव्या पुस्तकांच्या पाठीत घातली. आपल्याकडे आली आहे ती पानाच्या तळाची पट्टी. वरचे दोन्ही गळे गेले, राहिलाय तो फक्त धरणारा.

ते वाचून मी खुर्चीतून उठलेच.

बाईंनी ते सूर आजच्या लिपीत लिहून पाठवले होते. सरांनी पियानोवर वाजवले, मी सारेगममध्ये उतरवून घेतले. तीन लांब सूर, थांबा. पुन्हा तीन लांब सूर, थांबा. सुट्टीला रहिमतपूरला गेले आणि आप्पांसमोर बसून गायले.

"ह्येचं वरचं कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"गेलं. कापून टाकलं."

"मग ह्ये कशाला ठिवलं?"

मला रडू आलं आणि रागही आला. पुढच्या खेपेला मी माझ्या मनाने वरची एक चाल जुळवून नेली. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकली. "ह्ये तुझं हाय. त्येचं न्हाई," म्हणाले. खरंच होतं ते. चाल सोडली, पण मी हट्ट सोडला नाही. बाईंना पुन्हा लिहिलं आणि विचारलं, वरचं नसताना या खालच्याला काही अर्थ उरतो का?

त्यांचं उत्तर मी आप्पांना फोनवरच सांगितलं. त्या गाण्यात खालचा सूर आधी ठरतो, बहुतेक वेळा एखाद्या जुन्या प्रार्थनेतून उचललेला. मग त्याच्यावर वरची गाणी रचतात. एकाच खालच्यावर कुणी एक रचतं, कुणी दुसरं.

आप्पांनी मला मधेच थांबवलं.

"म्हंजी खालचं आधी?"

"आधी."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ते पाचगणीला हजर. साताऱ्याला, मग वाईला गाडी बदलून, कुणालाही न सांगता. मुलं फिरायला गेली होती, वाचनालय रिकामं होतं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. आप्पांनी हात मागे बांधून, वाकून पट्टी पाहिली. मग मला म्हणाले, "सूर सांग." मी सांगितला. त्यांनी कान झाकला, डोळे मिटले आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी! थोडा चरचरीत, पण जागचा न हलणारा. तीन सूर झाले की ते थांबायचे आणि मान जराशी पुढे करायचे, समोर कुणी गातंय ते ऐकल्यासारखे.

"कुणाच्या मागं उभा असंल गं ह्यो गडी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कुणाला ठाऊक नाही, आप्पा."

"धरणारा लय चांगला हाय," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्या वर्षीच्या जयंतीला आप्पा उभे राहिले. पुढे नाही, त्यांच्या नेहमीच्या जागी, एक पाऊल मागे. कुणीतरी माईक मागे सरकवू लागलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. तात्यांच्या पहिल्या गाण्याची झील त्यांनी स्वतःच सुरू केली. सूर धरला, संपवला, थांबले. आता तात्यांची ओळ यायची. पुढची जागा रिकामीच. मला वाटलं, मी हे काय करून बसले!

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ओळ आली. आवाज बारीक, कापरा. माझी आई बसल्या जागेवरून तात्यांची ओळ म्हणत होती. तिला मी चारचौघांत गाताना कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला शेजारच्या म्हाताऱ्या तिला मिळाल्या. ओळ संपली आणि आप्पांनी तिचा शेवटचा सूर उचलला.

पाचगणीच्या पट्टीचं वरचं मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही. जुन्या पुस्तकाची पाठ सुटली की मी आधी आत बघते.

जयंतीच्या दिवशी घरी आल्यावर आप्पा आईला म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला शब्द चुकलीस."

"तुमी आधी सुरू केलासा, मी काय करू? सवय हाय व्हय मला?"

आप्पांनी टोपी खुंटीला लावली. "उद्या दुपारी बस," म्हणाले, "परत म्हणू."