वखारीतल्या बायका आणि आक्कांचं झाड

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल आक्का माणसाला कधीच "तुम्ही कुणापैकी?" असं विचारत नसत. आमच्या सीमाभागात हा प्रश्न चहाच्या आधी येतो. गाव, आडनाव, पाहुणे असं करत समोरचा नेमका जातीपाशी येऊन थांबतो. निपाणीच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या आक्कांनी तो पुरेपूर सोसला होता. पण इंटरनेटवरची लिंक दिसली, की त्यांचा पहिला प्रश्न हाच. "कुणापैकी रं ही? कुणी लिवलंय, कुठनं उचललंय? माणसाला इचारू नये, लिंकला सोडू नये."

मी खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, पीएचडीच्या नादी लागलेला. दिसेल ते पान बुकमार्क करायचं आणि वाचायचं नंतर. ते 'नंतर' कधी उजाडलंच नाही. आक्कांनी माझा लॅपटॉप बघून कपाळाला हात लावला. "अरं, हे बुकमार्क हाईत का आठवडी बाजार?" मग त्यांनी माइंड मॅपचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. मधे विषय, भोवती फांद्या, फांदीला लिंक आणि तिच्याखाली आपल्या शब्दांत दोन ओळी. याला त्या 'झाड' म्हणत. एकदा मी एका मुद्द्याला तीन लिंकांचा पुरावा मोठ्या ऐटीत दाखवला. त्यांनी मागं मागं जाऊन बघितलं, तर तिन्ही एकाच ब्लॉगवरून उतरवलेल्या! माझं आख्खं प्रकरण बोंबललं. मला असा राग आला होता म्हणता! "परीक्षकाच्या आधी मी धरलं, बरं झालं न्हवं?" म्हणत त्यांनी खव्याचा गोड कुंदा पुढं केला.

त्यांचं स्वतःचं झाड वेगळंच होतं. तंबाखूच्या व्यापारावरच्या एका वेबसाइटवर त्यांना निपाणीतल्या वखारीचा जुना फोटो सापडला होता. चाळण्या घेऊन बसलेल्या अकरा बायका. तंबाखूच्या भुकटीपायी सगळ्यांनी नाकातोंडावर पदर बांधलेला, नुसते डोळे दिसायचे. खाली व्यापाऱ्याचं नाव होतं, बायकांपैकी एकीचंही नव्हतं. आक्कांची आई वखारीतच राबली आणि आक्का लहान असतानाच गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. "ह्यात माझी आई हाय का, एवढं मला कळाय पायजे," त्या म्हणाल्या. फोटो झाडाच्या मधे ठेवून त्यांनी भोवती अकरा फांद्या काढल्या.

निवृत्तीनंतर रविवार आला, की त्या शहापुरातल्या घरून लॅपटॉप घेऊन निघायच्या, मी सोबतीला. निपाणीत म्हाताऱ्यांच्या दारोदारी फोटो दाखवायचा. कुणी हातावरच्या गोंदणावरून ओळखायचं, कुणी बसायच्या तऱ्हेवरून. दहा नावं जमली. अकराव्या फांदीवर आक्कांनी 'आई?' असं लिहिलं. मला ते बघवायचं नाही. साऱ्या जगाकडे पुरावा मागणाऱ्या आक्का इथं मात्र नुसत्या आशेवर चालल्या होत्या.

शेवटी नव्वदीच्या सुंदराबाई भेटल्या. लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून त्यांनी अकरावी बाई बघितली आणि खुदकन हसल्या. "ही व्हय? ही मीच की गं!"

आक्कांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं त्यांचा हात धरला. "तिची लेक तू? अगं, त्या दिशी ती न्हवती. आदल्या दिशी तू झालतीस. फोटू हुकला म्हणून मी हळहळले, तर मलाच म्हणाली, फोटू काय करू, माझी लेक बघ की किती देखणी हाय!"

परतीच्या बसमध्ये आक्कांनी लॅपटॉप उघडला. अकराव्या फांदीवर त्यांनी सुंदराबाईंचं नाव घातलं. मग फोटोत नसलेलीसाठी बारावी फांदी काढली आणि तिच्यावर आईचं नाव लिहिलं.

"आक्का, हिला लिंक कुठली लावायची?" मी सवयीनं विचारलं.

"मी हाय की," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. झाड माझ्याकडे आलं. परवा धीर करून ते उघडलं, त्यांच्या आईच्या नावातून एक फांदी काढली आणि तिच्यावर आक्कांचं नाव लिहिलं. मग मात्र मला आवरेना, ढसाढसा रडलो.