मोडकी छत्री आणि माझा मेहेर

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर किडामुंगीसारखं. शाळेतल्या बाईंनी शेवटी सांगणंच सोडून दिलं होतं. ही वही मुलीची शाळेतली, मागची पानं कोरी राहिली होती. मुलीला मराठी ऐकून समजतं, वाचता येत नाही, म्हणून लिहायला भीती वाटत नाही. एक सिनेमा बघितला त्याबद्दल लिहायचं आहे, आणि काल घरात जे झालं त्याबद्दल. विसरायच्या आत लिहिलेलं बरं. आमच्या घरात विसरायला सुरुवात झालेलीच आहे.

आमचं गाव रायगडात, खाडीच्या काठी. निकाहात नवरा बायकोला जी रक्कम कबूल करतो तो मेहेर. माझा अडीच हजार रुपये ठरला होता. गावात बहुतेक बायकांचा मेहेर बाकीच राहतो. नवऱ्याची मयत झाली की चार जणी येऊन बसतात आणि म्हणतात, "माफ केला म्हण." ती रडत रडत म्हणते. ह्यांनी मात्र माझा मेहेर निकाहाच्या दिवशीच रोख दिला. मी तो रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात खाली ठेवला.

चार महिन्यांनी ह्यांचा बहारीनचा व्हिसा आला. एजंटाला द्यायला पैसे कमी पडत होते. ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, पण दोन दिवस ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी रुमाल आणून पुढ्यात ठेवला.

"हे उधार घेतोय गो," हे म्हणाले. "बायकोचा मेहेर खाणारा नाय मी. परत देईन."

निघायच्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी नेलं. "मध्ये एवढा दर्या आहे, माफ करून टाक. त्याच्या डोक्यावर ओझं नको." मी मान हलवली. मला वाटलं, झालं, हिशोब संपला. ह्यांना हे कोणी सांगितलं नाही, आणि मला लाजेने कधी बोलता आलं नाही.

पुढची आठ वर्षं मी गावात आणि हे इथे बहारीनला. मी पत्रं लिहायचे. भात किती झाला, म्हैस व्याली, तुमची तब्येत कशी. ह्यांच्या उत्तरात एक ओळ ठरलेली असायची: "तुझं अक्षर वाचायला अख्ख्या रूमला बसवावं लागतं." मला फार लाज वाटायची. मग कळलं की हे माझं पत्र कोणाच्या हातातच देत नव्हते. सगळी पत्रं दुधाच्या पावडरच्या डब्यात ठेवली होती. तो डबा अजून कपाटात आहे.

मग मला इथे आणलं. नईम मोहल्ल्यात एक खोली, खाली रोटीचा तंदूर. सकाळी गरम रोटीचा वास खिडकीतून थेट अंथरुणापर्यंत यायचा. रोटीवाल्या म्हाताऱ्यासमोर मी उभीच राहू शकत नव्हते. पैसे ठेवायचे आणि भिंतीकडे बघायचे. हे म्हणायचे, "रोटी भिंत देणार आहे काय तुला?" शुक्रवारी हे मला मीना सलमान बंदराकडे न्यायचे. जहाजांचे पंप दुरुस्त करायचं ह्यांचं वर्कशॉप तिथे होतं. बाहेर उभं राहून दाखवायचे, ती क्रेन, ते गोदाम, ती माझी जागा. बघण्यासारखं काही नव्हतं. पण ऊन उतरलेलं असायचं, खारा वारा असायचा, आणि येताना कागदात बांधलेली भाजलेली मासळी. तसे शुक्रवार परत यावेत असं आता रोज वाटतं.

दीड वर्षापूर्वी ह्यांचं विसरणं सुरू झालं. नोकरी तेव्हा संपली होती, आम्ही दोघं मुलीच्या व्हिसावर होतो. आधी चहात दोनदा साखर. मग नमाजाला गेले आणि घरी यायचा रस्ता सापडेना. मग एक दिवस मी भाकरी थापत होते आणि हे दारात येऊन म्हणाले, "बाय, तुम्ही किती वाजता जाता?"

मला हे नेहमी "गो" म्हणायचे. "बाय" आणि "तुम्ही" परक्या बाईला म्हणतात. ह्यांनी मला भाकऱ्या करायला येणारी बाई समजलं होतं. मी म्हणाले, "अहो, मी कुठे जाऊ? हे माझं घर आहे." हे घाबरले. मुलीला बाजूला नेऊन विचारलं, ही बाई अशी का बोलते? त्यानंतर मी रोज सांगायचे, मी तुमची बायको. रोज हे घाबरायचे, चिडायचे. एकदा जेवणाचं ताट ढकललं.

असंच चाललं होतं तेव्हा एका शुक्रवारी दुपारी मुलीने टीव्हीवर जपानी सिनेमा लावला.

"ओल्ड कपल आहे, अम्मी. व्हेरी स्वीट. जस्ट वॉच."

स्वीट कसला, काळोखा सिनेमा. बंदराचं गाव, सारखा पाऊस, सगळं राखाडी. एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करतो. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, मुलगी मला अर्धं इंग्रजी अर्धं मराठी करून सांगत होती. म्हातारा बायकोला विसरला आहे. घरात ती दिसली की तो ओरडतो, बाहेर काढतो. पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्याला चालतं. म्हणून ती रोज सकाळी मागच्या दाराने बाहेर पडते, आपल्या छत्रीची एक काडी स्वतः मोडते, आणि पुढच्या दाराने दुकानात येते. तो तिला बसायला स्टूल देतो. काडी बसवता बसवता तिला आपल्या बायकोच्या गोष्टी सांगतो. ती ऐकते.

हे सोफ्यावर बसून सगळं बघत होते. मध्येच म्हणाले, "येडा आहे काय हा? तीच बाई रोज येते, कळत कसं नाय ह्याला?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "सॉरी, अम्मी. बंद करू?"

"राहू दे," मी म्हणाले. मला पुढचं बघायचं होतं.

शेवटी ती बाई एक दिवस येत नाही. मेलेली असते, बघणाऱ्याला कळतं, त्याला नाही. तो दुरुस्त केलेली छत्री दारात उघडून ठेवतो आणि वाट बघत बसतो. खलास. तिथेच सिनेमा संपतो. मुलगी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मी "मी तुमची बायको" म्हणणं सोडलं. सकाळी ओढणी घेऊन बाहेर जायचे, जिन्यात थोडी उभी राहायचे आणि बेल वाजवायचे. हे दार उघडायचे. "या बाय. आज उशीर झाला?" मी म्हणायचे, "रोटीवाल्याकडे गर्दी होती." मी कामाला लागले की हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. हळूहळू बोलायला लागले. गावाकडे बायको आहे म्हणाले. फार लाजाळू आहे. तिचं अक्षर असं आहे की कोंबडीने पाय टेकवले असावेत. मी पिठात हात घालून ऐकायचे. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल हे इतकं कधी बोलले नव्हते.

एक दिवस हळू आवाजात म्हणाले, "बाय, एक काम आहे. माझ्या बायकोचा मेहेर मी उधार घेतलाय. ती मागणार नाय कधी. पण मला द्यायचाय."

तिथे मी चुकले. तोंडातून निघून गेलं, "तो केव्हाच माफ केलाय."

हे उठून उभे राहिले. "तुम्ही कोण माफ करणाऱ्या? पैसा तिचा आहे!" दिवसभर मला घरात घेईनात. मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून राहिले, मुलगी ऑफिसमधून येईपर्यंत. बसल्या बसल्या मला कळलं की सासूबाईंच्या सांगण्यावरून मी मान हलवली, पण हे इतकी वर्षं ते ओझं घेऊन इथे राबले. माफ करण्याआधी मी ह्यांना विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजवली तेव्हा हे कालचं विसरले होते. मी म्हणाले, "तुमच्या बायकोचा मेहेर मी पोचता करीन. किती द्यायचाय?"

"सत्तर दिनार," हे लगेच म्हणाले. अडीच हजारांचे तेव्हा तेवढे व्हायचे, ह्यांच्या डोक्यात दिनारचा भाव अजून तोच आहे. मुलगी दर महिन्याला ह्यांना खिशाला दहा दिनारची नोट देते. ते कुठे जातात आम्हाला कळत नव्हतं. पत्रांच्या डब्यात घड्या घालून ठेवत होते. सहा नोटा झाल्या होत्या. "एक कमी आहे, बाय. पुढच्या महिन्यात. इंशाल्ला."

मुलगी म्हणाली, "मी आत्ता देते ना टेन, व्हाय वेट?" मी नको म्हणाले. मला भीती होती, महिन्याभरात हे मेहेरसुद्धा विसरतील. तरी थांबले. रोज बेल वाजवायची, रोज हे म्हणायचे, "एक बाकी आहे." ते ऐकलं की मला हायसं वाटायचं.

काल मुलीने नोट दिली. ह्यांनी मला बसायला सांगितलं. मुलीला साक्षीला उभं केलं. सातही नोटा टेबलावर एकेक मांडल्या, दोनदा मोजल्या.

"पोचपावती पाहिजे," म्हणाले. "तिच्या हातची."

मुलगी म्हणाली, "अब्बा, बट..." मी तिला थांबवलं. आतल्या खोलीत जाऊन ह्याच वहीचं एक पान फाडलं आणि लिहिलं, 'मेहेर पूर्ण मिळाला. काही बाकी नाही.' खाली माझं नाव. अक्षर नेहमीपेक्षाही वाईट आलं. बाहेर येऊन कागद ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो चष्म्याजवळ धरला. मग डबा उघडून एक जुनं पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवलं. खूप वेळ बघितलं.

"तिचंच," हे म्हणाले. "दुसऱ्या कोणाला एवढं वाईट लिहिता येणारच नाय." आणि हसले. मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "आली होती काय? जेवली काय ती?"

"जेवली," मी म्हणाले.

ह्यांनी पावती पत्रात घातली, पत्र डब्यात ठेवलं, झाकण दाबून लावलं. मी सातही नोटा रुमालात बांधल्या आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्या.