देवीला बोललेला कोंबडा
शेजारी कोंबडं भाजायला घेतलं की जळक्या पिसांचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. आम्ही नांदेडला गोदावरीच्या काठी राहायचो. लेकीचा ताप उतरावा म्हणून मी एक लाल कोंबडा देवीला बोलले होते. ताप उतरला, आता मंगळवारी तो द्यायचा होता. त्या दिवसांत एक अंमलदार नदीवर मासे धरायला यायचा. दोन्ही हातांनी पेलायची लांबलचक काठी, दोरीच्या टोकाला गळ आणि गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी. ती तो धारेच्या पलीकडं फेकायचा आणि पाण्यासोबत वळत वळत काठाला येऊ द्यायचा. रविवारी सकाळी त्याच्या शिपायानं माझा कोंबडा दाबून धरला आणि मानेची पिसं उपटली. मी ओरडत धावले, “देवीचा हाय तो. उघड्या मानेचा देवीला चालत न्हाई.” शिपाई नुसता हसला. दुपारी त्याच पिसांना हातभर मासा लागला. अंमलदारानं तो माझ्या पायाशी टाकला आणि म्हणाला, “मुर्गे के बदले मछली लेको जाव.” मी हात लावला नाही. सासूनं मात्र मासा उचलला. “अन्नावर कशाला राग काढतीस?” म्हणाली आणि कालवण चढवलं. संध्याकाळी मी दोनदा वाढून घेतलं. मंगळवारी देवीपुढं नुसता नारळ फोडला. त्या अंमलदाराचा चेहरा आता आठवत नाही. कालवणाची चव मात्र अजून जिभेवर आहे, आणि खरा राग येतो तो त्या चवीचाच.